पॉइंट कुणी करायचे?

बसा बसा, मागच्या पोरी पुढं या, जागा आहे की. आज एकाच गोष्टीवर बोलतो. बास्केटबॉलच्या टीममध्ये दोन-तीन भारी स्कोअरर असले की पॉइंट कुणी करायचे? पार्क स्टेडियमबाहेर तुमची भांडणं चालतात ना, अमेरिकेतल्या NBA लीगमधला लेब्रॉन मोठा का वेड मोठा, ती मी ऐकतो आणि मला आवडतात पण, पण त्यात तिसऱ्याचं नाव कुणीच घेत नाही, ते लई खटकतं मला.

तिसरा म्हणजे ख्रिस बॉश. टोरंटोच्या टीममधल्या शेवटच्या सीझनला त्याची मॅचला 24 पॉइंटची सरासरी, सगळी टीम त्याच्याभोवती फिरायची. 2010 ला तिघं मायामीच्या टीममध्ये एकत्र आले आणि पहिल्या 17 मॅचमध्ये 8 हरले. का? कारण लेब्रॉन आणि वेड दोघांनाही बॉल हातात घेऊन आत घुसायचं असायचं, म्हणजे जागा एकच आणि माणसं दोन, आणि बॉल तर एकच असतो, 24 सेकंदांत शॉट नाही मारला तर तोही जातो. 2011 ची फायनल, म्हणजे आधी चार मॅच जिंकेल त्याची, डॅलसनं मायामीकडून 4-2 अशी घेतली. सीझनभर 26.7 ची सरासरी असलेला लेब्रॉन त्या फायनलमध्ये 17.8 वर आला.

मग वेडनं लेब्रॉनला वाट करून दिली, हे सगळ्यांना माहितीये. बॉशनं काय केलं ते बघा. तो सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, म्हणून खेळायला लागला, आणि सेंटर असून बास्केटपासून लांब उभा राहायला लागला, त्यामुळं समोरच्या टीमचा सगळ्यात उंच माणूस त्याच्यामागं बाहेर यायचा आणि आत लेब्रॉनला मोकळं मैदान. 2012-13 ला बॉशची सरासरी 16.6. लोक म्हणायचे संपला हा.

बोस्टनचं पण तसंच. रे ॲलन 26.4 ची सरासरी घेऊन आला आणि 2007-08 ला 17.4 वर आला, टीममधले दुसरे दोन स्कोअरर पिअर्स आणि गार्नेट, त्यांचे पण कमी झाले पण सगळ्यात जास्त ॲलनचे, आणि टीम 66 मॅच जिंकून चॅम्पियन.

आता 2013 ची फायनल, सहावी मॅच, मायामी 3 पॉइंटनं मागं, शेवटचे काही सेकंद. लेब्रॉनचा शॉट चुकला. रिबाऊंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, कुणी घेतला? बॉशनं. पास कुणाला? कोपऱ्यात मागं मागं सरकणाऱ्या ॲलनला, तो तोवर मायामीत आला होता. त्याचा लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट आत गेला, बरोबरी झाली, एक्स्ट्रा टाइममध्ये मॅच काढली. ज्या दोघांनी आपले पॉइंट सगळ्यात जास्त सोडले होते त्यांच्याच हातून ती मॅच वाचली ओ! मला आजही ते बघताना भरून येतं. आणि सातव्या मॅचला बॉशचे पॉइंट किती? शून्य. टीम चॅम्पियन.

हे मी पालकांसाठी सांगतोय. मुलगी घरी आली की पहिला प्रश्न, किती मारलेस? माझ्याकडं एक मुलगी होती, स्क्रीन, म्हणजे समोरच्या खेळाडूच्या वाटेत उभं राहून आपल्यावालीला मोकळं करणं, ती इतकी घट्ट लावायची की आमच्या दोन स्कोअरर तिच्याच जिवावर मोकळ्या व्हायच्या. त्या दोघींची कुरबुर मिटवण्यात माझं वर्ष गेलं आणि हिला तू काय करतेस ते मी एकदापण सगळ्यांसमोर सांगितलं नाही. घरच्यांना वाटलं पोरीला जमत नाही, खेळ सुटला तिचा. ती चूक माझी, आणि ती मला अजून टोचते.

म्हणून आता आमच्या वहीत पॉइंटच्या शेजारी स्क्रीन आणि पास पण लिहितो, सामना संपला की आधी तेच वाचून दाखवतो. उद्या साडेपाचला प्रॅक्टिस, ऊन उतरलेलं असेल. दोघी स्कोअररनी कोर्टवर उभं राहून दाखवायचं, मला बॉल इथं हवा, मला तिथं. जागा एकच निघाली तर तिथंच ठरवू कुणी सरकायचं, आणि जी सरकेल तिचं नाव वहीत पहिलं.