बर्फाचे साडेदहा तास

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांतून पाऊस पडतो. हे चक्र तुम्हा सर्वांना पाठ आहे. आज बोलायचंय ते त्यातल्या न दिसणाऱ्या देवघेवीबद्दल. पाणी रूप बदलतं तेव्हा उष्णता घेतं किंवा सोडतं, आणि बर्फ वितळत असताना तापमापकाचा पारा मात्र जागचा हलत नाही. पुन्हा सांगतो, उष्णता आत शिरत राहते आणि पारा तिथेच राहतो.

हे मोजून दाखवलं जोसेफ ब्लॅक यांनी. ते ग्लासगो विद्यापीठात शिकवत असत. त्या काळी समजूत अशी, की बर्फ वितळायच्या अंशाला, म्हणजे फॅरनहाइटच्या ३२ ला पोचला की पुढे जराशी ऊब पुरते. ब्लॅक यांचा सवाल साधा होता. तसं असतं, तर पहिल्याच उबदार दिवशी डोंगरांवरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खाली कोसळला असता आणि वाटेतलं सगळं वाहून गेलं असतं. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. का?

१७६१ च्या सुमारास त्यांनी पातळ काचेचे दोन गोल चंबू घेतले, सुमारे चार इंच व्यासाचे. दोन्हींत पाणी सारखंच. एकातलं गोठवलं, दुसऱ्यातलं न गोठवता ३३ अंशांपर्यंत थंड केलं. मग एका मोठ्या दालनात दोन्ही टांगले, एकमेकांपासून दीड फुटावर. टांगले, म्हणजे चहूबाजूंनी फक्त हवाच. दालनातली हवा ४७ अंशांवर. आता नुसतं घड्याळाकडे बघायचं.

पाण्याचा चंबू अर्ध्या तासात ४० अंशांवर पोचला. अर्ध्या तासात सात अंश. आणि बर्फाचा? एक तास गेला, दोन गेले, पाच गेले. बर्फ होताच. तो पूर्ण वितळून त्याचं पाणी त्याच ४० अंशांवर यायला लागले साडेदहा तास. एकीकडे अर्धा तास, दुसरीकडे साडेदहा!

आता हिशेब. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. दर अर्ध्या तासाला सात अंशांची उष्णता, म्हणून २१ गुणिले ७, १४७. त्यातले ३२ पासून ४० पर्यंतचे आठ अंश पाऱ्यावर दिसले. उरलेले १३९ कुठे गेले? बर्फाचं पाणी करण्यात गेले. सेल्सिअसमध्ये ते ७७ होतात. आज आपण मानतो तो आकडा आहे ८०, म्हणजे एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी. एक कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. दोन चंबू, एक तापमापक आणि एक घड्याळ, एवढ्या सामग्रीवर माणूस इतका जवळ गेला. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. माझं तर ठाम मत आहे, शाळेच्या भिंतीवर जलचक्राचा तक्ता नसला तरी चालेल, पण मुलांच्या हातात तापमापक हवाच.

करून बघायचं असेल तर दोन सारखे पेले घ्या, प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी. एकातलं गोठवा, दुसऱ्यातलं नुसतं थंड करा. पंखा बंद ठेवा. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते, वितळलेलं पाणी न ढवळता वाचन घेतलं जातं. बर्फ वर तरंगतो, तळाशी पाणी आधी गरम होतं, आणि आकडा फसवतो.

वाफेचा व्यवहार याहून मोठा. साध्या हवेच्या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ५८५ कॅलरी लागतात. बर्फाच्या सातपट! ही उष्णता वाफ सोबत घेऊन वर जाते आणि थेंब होताना परत करते. म्हणूनच कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला जवळपास १० अंश सेल्सिअसने थंड होते, पण ढगातली उबदार ओली हवा पाच-सहा अंशांनीच. ती आजूबाजूच्या हवेपेक्षा ऊबदार राहते, म्हणून आणखी वर चढते, आणि ढग उंच वाढत जातो.

जमिनीलगतही हेच घडतं. निरभ्र रात्री हवा भराभर गार होत जाते, पण गवतावर दव धरू लागलं, की गार होण्याचा वेग मंदावतो. पाण्याने दिवसा घेतलेली उष्णता तेव्हा परत येत असते.