गार्ड उतरल्यावर

[दृश्य: रात्रीचं घर. चुलीजवळची आवराआवर. खिडकीत चार्जिंगला लावलेला मोबाईल.]

उन्हाळ्यात लेबनॉनला संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा आमच्याकडं साडेनऊ झालेले असतात. जेवणं उरकलेली, आईची झाकपाक चाललेली. भारतीय फौजेतून तिकडं गेलेल्या माझ्या भावाचा, भैय्याचा फोन याच वेळेला यायचा. आईचा प्रश्न ठरलेला, "काय करायलास बाबा? जेवलास का?" मग वडील फोन घ्यायचे, "तिकडं शांत हाय ना?"

गावातली माणसं भेटली की पगार विचारायची, गोळ्या चालतात का विचारायची. ड्यूटी संपल्यावर हा पोरगा जातो कुठं, बघतो काय, हे कुणी विचारत नव्हतं. खरं तर घरून निघताना त्यानं हिंडण्या-बघण्याची तेवढीच एक हौस बरोबर नेली होती. ही फिल्म त्या हौशीची आहे.

[दृश्य: दक्षिण लेबनॉनचे डोंगर, भैय्याच्या मोबाईलवरून.]

दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९७८ पासून आहे. तिला युनिफिल म्हणतात. भारताची बटालियन तिथं १९९८ पासून उभी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरजवळच्या आमच्या गावातून निघालेला भैय्या २०२३ मध्ये निळी टोपी घालून तिथं पोचला. समोर हर्मन पर्वत, २,८१४ मीटर उंच, माथ्यावर बर्फ. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं, आणि भैय्यानं तेही पाहिलेलं नव्हतं. त्यानं बर्फाचा पहिला फोटो पाठवला तेव्हा आईनं तो शेजारच्या चार घरांत फिरवून आणला.

गार्ड उतरला, म्हणजे पहाऱ्याची ड्यूटी संपली, की माणूस मोकळा झाला, असं तिथं नसतं. तारेच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी लागते, सोबत गट लागतो, परतायची वेळ ठरलेली असते. मग राहिलेला वेळ कपडे धुण्यात, व्हॉलीबॉलमध्ये, झोपेत जातो. पूर्व विभागाची धुरा स्पेनकडं, त्यांचा तळ मरजायूनला. नेपाळी, इंडोनेशियाई जवानही त्याच भागात. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नाही, पण भैय्या सांगतो की मैदानात त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

[दृश्य: शेळ्या. शेळ्यांचा आवाज मोठा ठेवावा.]

त्याचे सगळ्यात आवडते दिवस मात्र शेळ्यांचे.

भारतीय बटालियनसोबत जनावरांचे डॉक्टर असतात. ते आजूबाजूच्या गावांत जाऊन गाई, शेळ्या, मेंढ्या तपासतात, औषध देतात. भैय्याची ती ड्यूटी नव्हे. तो सुट्टीच्या दिवशी विनंती करून त्यांच्याबरोबर जायचा. आमच्या घरी उस्मानाबादी शेळ्या. काळीभोर, काटक, जुळी करडं देणारी ही जात आमच्याच जिल्ह्याचं नाव घेऊन देशभर फिरते. तिथली बलदी शेळीही बहुतेक काळीच, पण अंगावर लांब केस आणि लोंबते कान.

[दृश्य: मोबाईलवरचा जुना व्हिडिओ, पूर्ण दाखवावा.]

बघा, एक म्हातारा शेळीला शिंगानं ओढतोय आणि शेळी चारही पाय रोवून उभी आहे. भैय्या पुढं होतो. तिची मान काखेत घेतो, एक हात हनुवटीखाली, दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडाच्या कडेला, जिथं दात नसतात तिथं. तोंड उघडतं, औषध आत जातं. म्हातारा काहीतरी बोलतो आणि भैय्याच्या पाठीवर थाप मारतो. हे भैय्याला फौजेनं शिकवलेलं नाही. आमच्या आजीनं शिकवलंय, आमच्या गोठ्यात.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं सगळ्यांना कॉफी पाजली. छोट्या कपात, वेलदोडा घातलेली, तळाला गाळ असलेली. भैय्यानं ती गाळासकट पिऊन टाकली.

[दृश्य: समुद्र, दगडी खांब, लांबलचक मोकळं मैदान.]

मग एकदा बटालियनची सहल निघाली, तायर शहराला. तिथले लोक त्याला सूर म्हणतात. भूमध्य समुद्राच्या काठावरचं हे शहर १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपलं वेरूळ आणि अजिंठा त्याच्या एक वर्ष आधी यादीत गेले. तायरला रोमन लोकांनी बांधलेलं रथांच्या शर्यतीचं मैदान आहे, जवळपास पाचशे मीटर लांब. भैय्याला तिथं सगळ्यात आधी काय सुचलं असेल? फौजेच्या भरतीची सोळाशे मीटरची धाव! तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत गेला आणि रात्री फोनवर म्हणाला, "तीन चकरा अन् वर थोडं, झाली भरती."

गाइड बोलता बोलता रोमन व्यापाराबद्दल सांगत होता. जहाजं, हिंदुस्थानचा माल, कापड, मणी. भैय्यानं मला विचारलं, "आपल्या तेरच्या म्युझियममधी पण रोमन काहीतरी हाय म्हणत्यात ना?"

हाय. आणि आम्ही दोघं तेरच्या शाळेत शिकलो, पण त्या संग्रहालयात कधी नीट गेलो नव्हतो.

[दृश्य: तेर. तेरणा नदी, त्रिविक्रम मंदिर, संग्रहालय.]

तेर म्हटलं की आम्हाला गोरोबाकाका आठवतात, चैत्रातली यात्रा आठवते. पण या गावाचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात ते आलंय. गुजरातच्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगरहून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराला जातं, असं तो लेखक सांगतो. लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तिच्या जातीची मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. मी त्या बाहुलीसमोर उभी राहिले आणि भैय्याला सगळं फोनवर सांगितलं. आमच्या बांधावरून जग इतकं जवळून गेलेलं, आणि ते कळायला त्याला समुद्रापलीकडं जावं लागलं.

[दृश्य काळं. फक्त आवाज.]

८ ऑक्टोबर २०२३ पासून लेबनॉन-इस्रायल सीमेवर मारा सुरू झाला. सहली थांबल्या, शेळ्या थांबल्या. ऑलिव्ह उतरवायचे ते दिवस. तोफांच्या भीतीनं कित्येक बागांत माणूस फिरकला नाही. फोनवर भैय्या स्वतःबद्दल बोलायचा नाही, त्या बागांबद्दल बोलायचा. शेतकऱ्याच्या पोराला पीक झाडावर राहिलेलं बघवत नाही. वर्षाचा काळ भरला आणि तो सुखरूप परतला. युद्धविराम व्हायला मात्र २७ नोव्हेंबर २०२४ उजाडला.

[दृश्य: पहाट. रस्त्यावर पळणारी पोरं.]

सुरक्षा परिषदेच्या ठरावानुसार युनिफिलचं काम ३१ डिसेंबर २०२६ ला संपायचं आहे. आज आमच्या रस्त्यावर भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांच्या नशिबात तो डोंगर, ती शेळी बहुधा नाही. सुट्टीवर आला की भैय्या त्यांच्याबरोबर पळतो. एकदा त्यांना घेऊन संग्रहालयात गेला आणि त्या बाहुलीसमोर तायरचे फोटो दाखवत बसला. पोरांनी इतके प्रश्न विचारले की नाष्ट्याची वेळ टळली.

आता त्याला तेर ते पैठण जायचंय, जुन्या गाडीवाटेच्या अंदाजानं, मधली गावं बघत. मोटारसायकलची सर्व्हिसिंग झालीये. आई म्हणते, एसटीनं जा.