कॅसेट टिकेल, कॅमेऱ्याचं सांगता येत नाही

घरच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कॅसेटी अजून किती वर्षं टिकतील, असं मला हमखास विचारतात. माझी काळजी वेगळी आहे. ओल आणि उन्हापासून जपलेली कॅसेट वीस-पंचवीस वर्षांनीही बऱ्यापैकी चालते. ती चालवणारा कॅमेराच आधी राम म्हणतो. आतले पट्टे सैल होतात, टेप ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत होतो, टेपवरचं चित्र वाचणारं हेड झिजतं, आणि सुटे भाग मिळेनासे झालेत. तेव्हा कॅमेरा सुरू होतोय ना? मग आधी कॅसेटींवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम उरका. सुंदर एडिटिंग वगैरे नंतर बघू.

पहिल्यांदा कॅसेटवर काय लिहिलंय ते वाचा. व्हीएचएस-सी, व्हिडिओ ८, हाय ८ असं असेल तर ती बहुधा अ‍ॅनालॉग (हाय ८ ची कॅसेट डिजिटल ८ कॅमेऱ्यात वापरली असेल तर मात्र डिजिटल). मिनी डीव्ही किंवा डिजिटल ८ असेल तर डिजिटल. १९९५ च्या सुमारास डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, आलं आणि मोठा फरक पडला. अ‍ॅनालॉग टेपवरचं चित्र कॉम्प्युटरला नव्याने मोजून घ्यावं लागतं, आणि त्यात थोडीफार गळती होतेच. डीव्ही टेपवर मात्र आकडेच असतात. ते जसेच्या तसे डिस्कवर आणायचे, बस्स.

पण बरेच जण इथेच घोळ घालतात. कॅमेऱ्याला पिवळी-लाल-पांढरी वायर लावायची जागा असते, यूएसबीही असते, आणि हाताशी तीच वायर असते म्हणून ती लावली जाते. पिवळ्या वायरीतून डिजिटल चित्र आधी अ‍ॅनालॉग होतं आणि कॉम्प्युटरमध्ये शिरताना पुन्हा डिजिटल. ही दुहेरी उठाठेव कशासाठी? यूएसबी तर बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत कार्डावरचे फोटो काढून घेण्यापुरती दिलेली असते. आपल्याला हवं ते फायरवायर, म्हणजे टेपवरचे आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरकडे नेणारी जोडणी. कॅमेऱ्यावर त्याला ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ म्हटलेलं असतं, आणि भोक अगदी लहान, चार पिनांचं असतं.

एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी स्वस्त केबल विकत मिळते. घेऊ नका. दोघांची भाषाच वेगळी आहे. नुसत्या तारा जोडून संवाद होत नाही. डेस्कटॉप असेल तर फायरवायरचं कार्ड बसवून घ्या. मॅकवाल्यांना फायरवायर मॅकच्या थंडरबोल्टच्या भोकात बसवणारा अडॅप्टर लागतो, पण २०२५ च्या मॅकओएस टाहोने फायरवायरला कायमचा रामराम केलाय, त्यामुळे सिस्टम अपडेट करायची घाई नको. माझ्या मते सगळ्यात बरा उपाय म्हणजे माळ्यावर टाकलेला, फायरवायर असलेला जुना लॅपटॉप. या कामाला तो मंद असला तरी चालतो.

आता प्रत्यक्ष काम. मिनी डीव्ही कॅसेटच्या कडेला एक इवलीशी पट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवा. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. कॅमेरा बॅटरीवर नको, चार्जरवर चालवा. टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, ताण सारखा होतो. मग टेप उतरवून घेणारा प्रोग्रॅम, विंडोजवर विनडीव्ही किंवा लिनक्सवर डीव्हीग्रॅब, सुरू करा आणि वाट बघा. तासाभराची टेप तासभरच घेते, त्यात शॉर्टकट नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीला, म्हणजे वीस मिनिटांच्या आतच, फाइल अडते. ते आधीच तपासा.

चित्रावर मधूनच चार-दोन चौकोन उमटले तर तो टेपवरचा डाग. पण चित्राचे आडवे पट्टे पडले, एक पट्टा ठीक आणि एक बिघडलेला, तर दोनपैकी एका हेडवर घाण बसली आहे. पाल पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीत, एक फ्रेम बारा तिरक्या रेषांत लिहिली जाते आणि दोन हेड आलटून पालटून त्या वाचतात, म्हणून बिघाडही असा एकाआड एक दिसतो. क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवा. जास्त नको, ती हेड घासते. ‘एलपी’वर, म्हणजे ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं बसवून, शूट केलं असेल तर त्या रेषा आणखी अरुंद असतात. अशी टेप शक्यतो ज्या कॅमेऱ्यावर शूट केली त्याच्यावरच चालवा.

फाइल आली की लगेच एमपी४ करून मूळ पुसायचा मोह होतो. तसं करू नका. डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमसोबत शूटिंगची तारीख-वेळ दडलेली असते आणि एमपी४ करताना ती सहसा गळून जाते. (कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलंच नसेल तर सगळे वाढदिवस १ जानेवारीलाच साजरे झालेले दिसतील, त्याला इलाज नाही.) हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, तो दोष नव्हे, जुन्या टीव्हीसाठी चित्र एकाआड एक ओळींत घेतलेलं असतं. नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत डीइंटरलेस करून, म्हणजे त्या ओळी एकत्र जुळवून, रेघा काढा, मूळ फाइलला हात लावू नका.

हाय ८ वाल्यांसाठी एक युक्ती. डिजिटल ८ चे बरेच कॅमेरे, सगळे नव्हेत, जुन्या हाय ८ टेपही चालवतात आणि फायरवायरमधून डिजिटल करून देतात. तसा कॅमेरा उसना मिळाला तर उत्तम. नाहीतर अ‍ॅनालॉग चित्र डिजिटल करून यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारं कॅप्चरचं उपकरण घ्या आणि कॅमेऱ्याला एस-व्हिडिओची (चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे नेणाऱ्या वायरीची) सोय असेल तर पिवळ्या वायरीऐवजी ती वापरा.

कॅसेटी मग टाकून द्यायच्या का, हा प्रश्न उरतोच. फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघून होईपर्यंत आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर जाईपर्यंत तर मुळीच नाही. त्यानंतरही मी ठेवीन. पूर्ण रिवाइंड करून, डबीत घालून, उभ्या.