दम्यातले निरोप आणि साधा हिमोग्राम

श्रोतेहो, पुण्यात थंडी सुरू झाली की माझ्या ओपीडीत दम्याचे असे काही रुग्ण हमखास येतात, जे पंप नियमाने आणि योग्य पद्धतीने घेतात, तरीही वर्षातून तीन-चार वेळा त्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्यांनी आराम पडतो, हे खरे. पण त्या वारंवार घेतल्या की हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. स्टेरॉइड प्रतिकारसंस्थेचे कितीतरी मार्ग एकाच वेळी दाबते, त्याची ही किंमत आहे.

प्रत्यक्षात श्वासनलिकेच्या अस्तराला धूर, परागकण किंवा विषाणू लागला, की तेथील पेशी टीएसएलपी नावाचे प्रथिन सोडतात आणि त्यातून पुढचे रासायनिक निरोप निघतात. इंटरल्यूकिन-४ मुळे ॲलर्जीशी संबंधित आयजीई प्रतिपिंडे वाढतात, इंटरल्यूकिन-१३ मुळे चिकट कफ साठतो, आणि इंटरल्यूकिन-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढवून त्यांना जगवते. यांतला नेमका एखादाच निरोप अडवणारी इंजेक्शने आता उपलब्ध आहेत. आयजीईला बांधणाऱ्या ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली, तर टीएसएलपी रोखणाऱ्या टेझेपेलुमॅबला २०२१ मध्ये. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा सामायिक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप स्वीकारणारी जागा) बंद करणारे डुपिलुमॅब २०२४ पासून तेथे सीओपीडी या फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या काही रुग्णांनाही दिले जाते.

मला मेपोलिझुमॅबची हकिकत सर्वांत महत्त्वाची वाटते. ते इंटरल्यूकिन-५ अडवते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दम्याचे रुग्ण इओसिनोफिल न पाहता घेतले होते, आणि ठळक फायदा दिसला नाही. २००९ मध्ये ज्यांच्या कफात इओसिनोफिल खरोखरच वाढलेले होते, अशांनाच ते दिले गेले, तेव्हा दम्याचे झटके स्पष्टपणे घटले. औषध तेच होते, निवड बदलली.

ही निवड आपल्याकडच्या साध्या हिमोग्रामपासून, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीपासून सुरू होते. समजा, दर मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ९ टक्के, म्हणजे इओसिनोफिलची प्रत्यक्ष संख्या ७२०. ती ३०० च्या वर असेल, तर या औषधांचा विचार करण्यास आधार मिळतो. मात्र आपल्या देशात जंत आणि फायलेरिया (हत्तीरोग) यांमुळेही हा आकडा चढतो, म्हणून ती शक्यता आधी तपासून उपचार करावे लागतात. शिवाय ही इंजेक्शने महाग आहेत, आणि ज्याचा दमा नियमित पंपाने आटोक्यात राहतो त्याला त्यांची गरज नसते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रेडनिसोलोन सुरू होताच इओसिनोफिल झपाट्याने उतरतात, त्यामुळे गोळ्या चालू असताना काढलेला आकडा फसवा असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा रक्त गोळ्या सुरू होण्यापूर्वी द्या, आणि येताना गेल्या दोन-तीन वर्षांचे हिमोग्राम तारखेनुसार लावून आणा.