करडू धरायला कोण येतं?

(रविवार सकाळ. आरे कॉलनी, गोरेगाव पूर्व. झाडाला बांधलेली शेळी.)

"मूठ इथं लाव. डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागे. दाबू नको, नुसती ठेव."

बारावीतली ही मुलगी डोळे मिटून उभी आहे. शेळी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, सुबाभळीचा पाला ओरबाडत राहते. अर्धं मिनिट जातं आणि मुठीखाली काहीतरी सरकतं.

"हललं!"

"हलायलाच पाहिजे. मिनिटात एक-दोनदा हललं म्हणजे पोट चालू आहे. हललं नाही तर डॉक्टरांना फोन."

कॉलेजातल्या काही मुलांनी मिळून हा पशुपालन क्लब काढलाय. नाव अजून ठरलेलं नाही, त्यावर भांडणं चालू आहेत. पण खरी अडचण नावाची नाही, सभासदांची. मुंबईतलं पोर जनावराजवळ आणायचं कसं?

पहिल्यांदा पोस्टर लावून पाहिलं. नावं भरपूर आली. पहिल्या रविवारी करडांबरोबर सेल्फी झाले. दुसऱ्या रविवारी शेण उचलायचं होतं, तेव्हा निम्म्यांना अचानक क्लास लागले.

मग त्यांनी भाषण बदललं. आता वर्गात जाऊन एकच विचारतात, "खरवस कुणाकुणाला आवडतो?" सगळे हात वर. "आणि चीक म्हणजे काय?" हात खाली. व्यायल्यानंतरचं पहिलं दूध म्हणजे चीक. वासराला तो तासाभरात पाजावा लागतो, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. त्याच चिकाची आपली खरवसाची वडी त्यानंतरची. हे ऐकून जी दोन-तीन पोरं मागे थांबून प्रश्न विचारतात, तीच पुढे टिकतात.

अशा क्लबांची चाल अमेरिकेतली. १९०२ साली ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी मुलांना जमवून सुरुवात केली, त्यातून पुढे '४-एच' (हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ) ही मुलांची चळवळ उभी राहिली. शेतीतलं नवं काही सांगितलं तर मोठी माणसं मान हलवायची, पोरं मात्र करून बघायची. तिथं मूल आपलं जनावर वाढवतं, खर्चाची वही लिहितं आणि जत्रेत ते परीक्षकांपुढे उभं करतं. आपल्या मुलांनी तूर्त वही तेवढी उचललीय.

आणि जागा? ती आयती होती. शहरातले तबेले बाहेर हलवायचे म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. म्हशी आजही इथं आहेत. वसाहत होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे वारल्यांचे पाडेही आहेत.

(पाड्यातलं अंगण. एक मुलगा शेळीचा ओठ वर करून दात दाखवतो.)

या मुलाला पोस्टरची गरजच नव्हती. घरी शेळ्या आहेत हे त्याने वर्गात कुणाला कळू दिलं नव्हतं. "वास येतो म्हणतात ना," एवढंच बोलतो. क्लबवाले त्याच्या दारात आले तेच मुळी शिकायला. वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, हे त्यांना त्याने दाखवलं. खालचे दोन दुधाचे दात पडून मोठे आले की शेळी दोन दाती, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची. चार दाती झाली की दोनेक वर्षांची. हाच हिशेब बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात पोरं घाईघाईने करत असतात. त्यांच्यातलीही काही इथं यायला लागलीत. सोसायटीच्या जिन्याखाली बोकड सांभाळलेला असतो, त्यांना लाजायचं काय?

आज वजन घ्यायचं आहे. काटा नाही, शिवणाची टेप आहे. छातीचा घेर २४ इंच, लांबी २५. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने, आणि ३०० ने भागायचं. ४८ पौंड, म्हणजे जवळपास २२ किलो. ताळा म्हणून शेळी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली, तर काटा २१ दाखवतो. टेप चुकली असेल असं कुणालाच वाटत नाही. सगळ्यांचा संशय भंगारवाल्यावर.

पालकांचं काय? एक आई स्पष्टच म्हणाली, "पोरगी इंजिनीअर व्हायचीय, गुराखी नाही." परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून याच शहरात आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं. ती काही विरघळली नाही. पण रविवारी मुलीला सोडायला स्वतः येते, आणि हल्ली घरच्या भाजीचे देठ पिशवीत भरून आणते.

(संध्याकाळ. शेळ्या आत घेतल्या जातात.)

अंधार पडायच्या आत मोजणी. आरेत बिबट्या फिरतो, त्यामुळे कडी दोनदा तपासायची, हा इथला पहिला नियम. आज कडी लावायची पाळी बारावीतल्या मुलीची.

पुढच्या रविवारी ती दोन मैत्रिणींना आणणार आहे. पांढरे बूट घालू नका, हे मात्र तिने त्यांना मुद्दाम सांगितलेलं नाही.