भिंतीवरची नावं

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चमध्ये गेलात, तर एखाद्या भिंतीवर नावांची यादी दिसेल. वर ठळक अक्षरांत 'रोल ऑफ ऑनर', खाली गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं. कुठे लाकडी फळीवर रंगवलेली, कुठे काचेच्या चौकटीत, कागदावर वळणदार अक्षरांत लिहिलेली. एकच आडनाव लागोपाठ तीन-चारदा आलं, की वाचता वाचता थबकायला होतं. एकाच घरातले भाऊ तर नसतील?

यांतल्या कितीतरी याद्या पहिलं महायुद्ध चालू असतानाच सुरू झाल्या. पोरगा भरती झाला, की त्याचं नाव चढायचं आणि प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं वाचलं जायचं. मग एखाद्या घरी वाईट बातमी यायची. अधिकारी असेल तर तार, साधा शिपाई असेल तर टपालानं आलेला छापील कागद. यादीतल्या त्या नावापाशी छोटा क्रूस काढला जायचा.

१९१५ साली ब्रिटिशांनी मृतदेह मायदेशी आणायला बंदी केली. गावात कबर नाही, फुलं ठेवायला जागा नाही. आईला हात ठेवायला उरलं ते भिंतीवरचं नाव. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान त्याच युद्धात कामी आले. तिथल्या आयांचं दुःख काही वेगळं नव्हतं.

म्हणूनच लिंकनशरमधल्या फुलस्टो गावाची गोष्ट मला मोठी वाटते. तिथला शिपाई चार्ल्स किरमन. पलटण सोडून गेल्याचा ठपका ठेवून सप्टेंबर १९१७ मध्ये त्याला त्याच्याच सैन्यानं गोळ्या घातल्या. युद्धानंतर गावात स्मारकाची गोष्ट निघाली, पण त्यावर किरमनचं नाव चालणार नव्हतं. तेव्हा ज्यांची स्वतःची मुलं गेली होती, तीच घरं म्हणाली, त्याचं नाव नाही, तर आमच्या मुलांचंही नको.

ऐंशीहून अधिक वर्षं फुलस्टोत स्मारक झालं नाही. ते झालं २००५ साली, किरमनच्या नावासकट. अशी शिक्षा झालेल्या ३०६ शिपायांना ब्रिटिश सरकारनं माफी दिली, ती त्याच्या पुढच्या वर्षी.