सासऱ्यांचा किल्ट आणि पेझलीचे विणकर

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज जरा वेगळा विषय घेतलाय, किल्ट. हो तोच, स्कॉटलंडचे बॅगपाइपवाले घालतात तो चौकड्यांचा घागऱ्यासारखा प्रकार, आणि घागरा हा शब्द मी इथे पहिल्यांदा आणि शेवटचा वापरतेय कारण आमच्या घरात त्यावर बंदी आहे. आमचे सासरे इथलेच, कॅनडातले, ऑटावाजवळच्या लॅनार्क काउंटीत वाढलेले, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी किल्ट घालायला सुरुवात केली, म्हणजे फक्त लग्नकार्यात नाही हो, दुधाची पिशवी आणायला जातानासुद्धा. आमच्या सासूबाई पहिले काही दिवस त्यांच्यापासून चार पावलं मागे चालायच्या. आता त्याच इस्त्री करून देतात, आणि ती इस्त्री म्हणजे काय काम आहे ते मी बघितलंय!

नीट शिवलेल्या किल्टला साधारण 8 यार्ड लोकरी कापड लागतं. सगळ्या चुण्या मागच्या बाजूला, पुढे दोन सपाट पदर एकावर एक, आणि पट्टे-बकल कमरेला दोन्ही बाजूंनी. जीन्सपेक्षा बराच वर, जवळजवळ बेंबीपाशी बांधायचा आणि खालची कड गुडघ्याच्या मध्यावर आली पाहिजे, त्याच्या खाली गेला की माणूस शाळेतली मुलगी दिसतो असं सासरेच म्हणतात. खालची कड दुमडून शिवत नाहीत, कापडाचा मूळ काठच तिथे येतो. चुण्यासुद्धा कशाही घालून चालत नाहीत, कारागीर त्या अशा बेताने घालतो की मागून बघितलं तरी चौकडी जुळलेली दिसते, आणि हे हाताने शिवायचं काम असल्यामुळे पैसे भरपूर लागतात. स्वस्तातले पण मिळतात, पाकिस्तानातल्या सियालकोटहून बरेच येतात, पण सासरे त्यांच्याकडे बघतही नाहीत. पुढे लटकते ती कातडी पिशवी म्हणजे स्पोरन, कारण किल्टला खिसे नसतात. पुढच्या पदरावर जी पिन लावतात ती फक्त वरच्या पदरात, दोन्हीतून आरपार घातली की बसताना कापड ताणलं जाऊन फाटतं. आणि आत काय घालतात हा प्रश्न कुणी फोन करून विचारू नका, मी सून आहे.

बरं, तर किल्ट घ्यायचा ठरवल्यावर पहिला प्रश्न येतो, टार्टन कुठलं? टार्टन म्हणजे ती रंगीत चौकड्यांची वीण. दुकानात गेलात की आडनाव विचारतात, तुमचं आडनाव अमुक, मग तुमचा क्लॅन, म्हणजे कुळ, तमुक, मग हे तुमचं कापड, घ्या माप द्या. ऐकायला इतकं छान वाटतं ना, की आपले खापरपणजोबा हेच कापड अंगावर घेऊन डोंगरात तलवार चालवत होते. मला इथे पहिल्यापासून शंका होती आणि ती खरी निघाली, कारण आडनावाला टार्टन ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे. जुना किल्ट म्हणजे अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने आवळायचं लांबलचक कापड, हल्लीचा आखूड किल्ट आला अठराव्या शतकात, आणि 1746 मध्ये हायलँडमधलं, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं, बंड मोडल्यावर सरकारने त्या पोशाखावरच बंदी घातली, पहिल्यांदा सापडलात तर 6 महिने तुरुंग, पुन्हा सापडलात तर 7 वर्षं समुद्रापार. फक्त सैन्यातल्या हायलँड पलटणींना सूट. 1782 मध्ये बंदी उठली तोपर्यंत एक अख्खी पिढी उलटून गेली होती. मग 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने क्लॅनच्या प्रमुखांना पत्रं पाठवली की तुमच्या टार्टनचा नमुना द्या, तर खुद्द लॉर्ड मॅकडॉनल्ड यांनी कळवलं की आमचं नक्की कुठलं ते मलाच माहीत नाही. आता बोला! बॅनकबर्नला विल्सन म्हणून कापडवाले होते, त्यांच्या वहीतली कितीतरी डिझाइनं आधी नुसत्या नंबराने किंवा गावाच्या नावाने विकली जात होती. आणि 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, दीडशेहून जास्त वर्षांनी राज्यावरचा राजा स्कॉटलंडमध्ये आला होता, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सगळ्या मोठ्या लोकांना हायलँड पोशाखात यायला लावलं, राजा स्वतः किल्टखाली गुलाबी टाइट्स घालून आला, आणि त्यानंतर जी फॅशन आली ती आजपर्यंत उतरलेली नाही.

आडनावाचंही तसंच. आपल्याकडे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सगळ्यांना माहीत आहे, साताऱ्याला रेसिडेंट होता तो. हा जन्माने नुसता जेम्स ग्रँट, गाव बॅन्फ, आईकडची इस्टेट मिळाली तेव्हा डफ हे नाव पुढे लागलं. आता या माणसाच्या पणतवाने दुकानात जाऊन कुठलं कापड मागायचं, ग्रँटचं की डफचं?

सासऱ्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते जरा खट्टू झाले, पण मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी कापड बाजूला ठेवलं आणि कागद शोधायला लागले. स्कॉटलंडचं एक बरं आहे, सरकारी रेकॉर्ड ऑनलाइन आहेत, स्कॉटलंड्स पीपल नावाची साइट आहे, क्रेडिट विकत घ्यायचे आणि मूळ पानाचा फोटो बघायचा. 1855 पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सक्तीची, त्याच्या आधी चर्चच्या वह्या. त्या वह्यांमध्ये मला आवडलेली गोष्ट म्हणजे बाईचं माहेरचं नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव बहुतेक वेळा माहेरच्या आडनावासकट असतं, त्यामुळे बायकांकडची शाखाही शोधता येते. नावं ठेवायची पद्धतही ठरलेली, थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, म्हणजे एकाच गावात एकाच नावाचे सतरा जण, डोकं गरगरतं. आणि 1783 ते 1794 या काळात नोंदीवर 3 पेन्स कर होता, म्हणून बरेच लोक मूल झालं तरी नोंदवायचेच नाहीत. सासऱ्यांचं घोडं तिथेच अडलंय, त्या वर्षांत एक भाऊ असायला हवा असं त्यांना वाटतं आणि कागद काही सापडत नाही.

पण जे सापडलं ते असं, की त्यांच्या आईकडचे लोक हायलँडचे नव्हतेच! ग्लासगोशेजारच्या पेझली गावातले. वहीत नाव, बायकोचं नाव आणि पुढे एकच शब्द, विणकर. म्हणजे लोलँडर, खालच्या सखल भागातले, ज्यांच्या घरात किल्ट कुणी घातलाच नसणार, उलट डोंगरातल्या त्या लोकांना ते रानटी म्हणत असतील. मी हसले, सासरे नाही हसले.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पेझली! अहो माझ्या लग्नातल्या शालूच्या पदरावर जी कोयरी आहे तिला इंग्रजीत पेझलीच म्हणतात की. काश्मिरी शाली विलायतेत गेल्या, फार महाग पडायच्या, म्हणून पेझलीच्या मागवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या नकला विणायला घेतल्या, आणि 1870 च्या आसपास शालींची फॅशन संपेपर्यंत त्यावर सगळं गाव जगलं. मी शालू काढून टेबलावर पसरला, सासऱ्यांनी चष्मा लावून पदर उलटा करून बघितला, मागची बाजू, धागे कसे सोडलेत ते. आता त्यांचे ते पूर्वज शाल विणत होते की मलमल ते वही सांगत नाही, आणि मीही शालच म्हणणार नाही, पण माझ्या नवऱ्याने नातेवाइकांना शालच सांगून टाकलंय.

हे लोक इकडे आले ते 1821 मध्ये. नेपोलियनची लढाई संपल्यावर विणकरांची मजुरी पार कोसळली होती, 1820 च्या एप्रिलमध्ये ग्लासगो-पेझलीच्या भागात संप आणि बंडाळी झाली, काहींना फाशी झाली, आणि त्याच सुमारास विणकरांनी सोसायट्या काढून सरकारकडे कॅनडात जमीन मागितली. लॅनार्कला प्रत्येक कुटुंबाला 100 एकर आणि थोडं कर्ज. आयुष्यभर मागावर बसलेली माणसं, हातात कुऱ्हाड, समोर जंगल, आणि जंगल तोडल्यावर खाली खडक! मी त्या भागात गेलेय, शेताच्या बांधावर अजून दगडांच्या राशी आहेत. ते कर्ज फेडणं काही कुणाला जमलं नाही, शेवटी सरकारने सोडून दिलं.

तर आता सासऱ्यांनी नवा किल्ट शिवायला टाकलाय, क्लॅनचा नाही, पेझली गावाच्या नावाचंच एक टार्टन आहे, 1952 चं, म्हणजे सासऱ्यांपेक्षाही लहान. दरवर्षी उन्हाळ्यात इथून तासाभरावर मॅक्सव्हिलला ग्लेनगॅरी हायलँड गेम्स भरतात, 1948 पासून चालू आहेत, तिथे प्रत्येक क्लॅनचा तंबू असतो आणि तंबूतले काका-काकू आल्यागेल्याला आडनाव विचारतात. मागच्या वेळी सासऱ्यांनी सगळ्या तंबूंत जाऊन सांगितलं, आम्ही विणकर, आमचा तंबू कुठाय? तसा तंबू कुणीच लावला नव्हता. यंदा आपणच लावू म्हणतायत, आणि मला सांगून ठेवलंय की टेबलावर पसरायला तुझा शालू लागेल. मी म्हटलं, शालू देईन बाबा, पण तंबूत बियर आणायची नाही.